१०१ रुपये टाकले, पण मेसेजच्या चौकटीत काय लिहायचं?

खडूस_काकू:
काल व्हॉट्सॲपवर लिंक आली, कोणाच्या तरी बाळाचं लिव्हर ट्रान्सप्लांट, मी एरवी असल्या लिंका उघडतच नाही पण फोटोतलं ते विणलेलं टोपडं बघितलं आणि १०१ टाकले. पुढे विचारतात नाव दाखवायचं का, संदेश लिहायचाय का. टार्गेट १८ लाखांचं, त्यात १०१ वालीने नाव काय मिरवायचं? रिकामं सोडलं. सकाळपासून रुखरुख लागलीय. तुम्ही काय लिहिता?

नाशिककर_२:
काकू, लिहाच. गेल्या वर्षी भाच्यासाठी आम्ही असं कॅम्पेन चालवलंय, नवजात बाळांच्या आयसीयूबाहेरच्या बाकावर झोप येत नाही मग बहीण रात्रभर तेच मेसेज वर-खाली करत बसायची. मोठ्या रकमा बहुतेक ओळखीच्यांच्या, त्यांचे फोन येऊन गेलेले असतात. ५१, १०१ वाले मात्र सगळे अनोळखी. एकाने लिहिलेलं "वडिलांच्या वर्षश्राद्धाचा खर्च यंदा इथे", एकाने नुसतं "श्री स्वामी समर्थ", आणि एका मुलीने ५१ टाकून "सॉरी, महिनाअखेर आहे". त्या सॉरीचा स्क्रीनशॉट बहिणीकडे अजून आहे.

हिशोबी_माणूस:
ते सगळं ठीक, पण टिप बघितली का? फी नाही म्हणतात आणि खाली टिपचा टक्का आधीच लावून ठेवलेला असतो. शून्य करता येतो. (द्यायची तर द्या, त्यांनाही साइट चालवायचीय, पण कळून द्या.) आणि पेशंटच्या नावाने कॅम्पेन असेल तर ८०जीची करसवलत मिळत नाही, नोंदणीकृत ट्रस्टला दिलं तरच. हॉस्पिटलचं एस्टिमेट जोडलंय का तेही बघत जा, टोपडं नंतर.

सायली_ठाणे:
२०२१ आठवतंय? मुंबईतल्या पाच महिन्यांच्या मुलीला एसएमए, म्हणजे स्नायू दुबळे होत जाणारा जनुकीय आजार, झोलजेन्स्माचं एक इंजेक्शन १६ कोटींचं, ते लोकांनी जमवून दिलं आणि केंद्राने वरचा ६ कोटींच्या आसपासचा कर माफ केला. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडची एक चिमुरडी, तिलाही इंजेक्शन मिळालं, पण ऑगस्टमध्ये गेली. तिच्यासाठी मी ३०० दिले होते. बातमी वाचून ऑफिसच्या बाथरूममध्ये रडले, म्हणजे बघा, कधी भेटले नव्हते तिला. पैसे वाया गेले असं मात्र आजपर्यंत वाटलं नाही.

खडूस_काकू:
टिप कापलीच होती मेल्यांनी, हिशोबी माणसा तुला नमस्कार. एस्टिमेट जोडलंय, बघितलं. परत ५१ टाकले, टिप शून्य, नाव देऊन. लिहिलं, "टोपडं गोड आहे, कोणी विणलं?"