४ जीबी रॅमवर एलएलव्हीएम कम्पाइल करायचं, की नादच सोडायचा? (चर्चेचा धागा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

पूर्वभाग

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप सोलापूरच्या नवी पेठेतून घेतलेला, जुना. दोन कोर, चार थ्रेड, ४ जीबी रॅम. एसएसडी तेवढी नवी टाकली. कम्पायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर, आतून कसा चालतो हे बघायचं म्हणून त्यानं एलएलव्हीएम (कम्पायलर बनवायचा खुला प्रोजेक्ट) आणि क्लँगचा (त्यातला सी, सी++ चा कम्पायलर) सोर्स उतरवला आणि बिल्ड लावला, म्हणजे सोर्समधून प्रोग्रॅम बांधायला घेतला. तासाभरात माउस हलेना. मग स्क्रीनवर ओळ आली की कम्पायलर 'किल्ड'. कॉलेजातल्या सीनियरला विचारलं तर तो म्हणाला, "१६ जीबीच्या खाली नादी लागू नको." पोरानं लॅपटॉप मिटला आणि मला म्हणाला, "मामा, आपल्या मशीनचं हे काम नाही."

हे वाक्य मला मान्य नाही, म्हणून हा धागा.

आधी झालं काय ते सांगतो. निंजा हे बिल्डची कामं सोडणारं टूल. एका वेळी किती कामं हा आकडा त्याला तुम्ही दिला नाही तर चार थ्रेडच्या मशीनवर तो सहा कामं एकदम सोडतो. क्लँगमधल्या काही फाइली एकट्याच एक जीबीच्या पुढे जातात. त्यात भाच्यानं डीबग बिल्ड (चुका शोधायला जादा माहिती ठेवणारा) लावलेला. त्यात प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलमध्ये (एकेका सोर्स फाइलमधून बनलेल्या तुकड्यात) डीबगची माहिती ठासून भरते आणि शेवटी हे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारा लिंकर ते सगळं ओढायला बसतो. एलएलव्हीएमची डझनावारी टूल्स आहेत, आणि साध्या बिल्डमध्ये त्याच लायब्रऱ्या प्रत्येकात परत परत जोडल्या जातात. तीन लिंकर एकाच वेळी उठले की ४ जीबीचं काय होणार? कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, शेवटी कुणाला तरी मारावंच लागतं, आणि तो बहुधा सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्यालाच मारतो.

आमच्या घरी माग आहेत. लाइट गेली आणि परत आली की आठही माग कुणी एकदम चालू करत नाही. मोटर सुरू होताना जास्त करंट ओढते, मेन ट्रिप होतो. म्हणून एकेक माग चालू करायचा. शेड तीच, मंजूर भार तोच, कापड पूर्ण निघतं. निंजाला आकडा न देणं म्हणजे आठही माग एकदम चालू करणं.

मग आम्ही दोघं शनिवारी रात्री बसलो. डीबगऐवजी रिलीज (ती जादा माहिती नसलेला बिल्ड). सगळ्या प्रोसेसरांसाठी नाही, फक्त एक्स८६ साठी (इंटेल, एएमडीवाले प्रोसेसर). कम्पाइलची दोन कामं, लिंकचं एकच. बिल्डची मांडणी करणाऱ्या सीमेकमध्ये 'पॅरलल लिंक जॉब्स' नावाचा पर्याय आहे तो १ केला (हा निंजासोबतच चालतो, मेक या जुन्या टूलसोबत नाही, हे ध्यानात ठेवा). नेहमीच्या जीएनयू लिंकरच्या जागी एलएलव्हीएमचाच लिंकर, एलएलडी. ब्राउझर बंद, डेस्कटॉपही बंद, नुसत्या काळ्या टर्मिनलवर. साडेनऊ तास लागले. सकाळी पोरानं स्वतः बनवलेल्या क्लँगनं 'नमस्कार सोलापूर' छापणारा प्रोग्रॅम कम्पाइल केला, आणि तो चेहरा मला जन्मभर आठवेल.

माझं म्हणणं एवढंच. सोर्स खुला आहे म्हणजे बदलायचा हक्क आहे. पण तो बदललेला सोर्स तुमच्या मशीनवर बांधताच येत नसेल तर तो हक्क कागदावर राहतो. आपल्याकडच्या पोरांजवळ ४ नाहीतर ८ जीबीचीच मशीन्स आहेत. त्यांना "नादी लागू नको" सांगू नका, कसं करायचं ते सांगा.

होटगी रोड

भाच्याचं कौतुक आहेच, मनापासून. पण मुद्दा पटला नाही. मी गेली बारा वर्षं सर्व्हर सांभाळतो. साडेनऊ तासांत जे मिळालं ते तयार बांधलेलं पॅकेज म्हणून पाच मिनिटांत मिळतं, आणि तेही जास्त लोकांनी तपासलेलं.

जेंटू या लिनक्सचं उदाहरण घ्या. सगळं सोर्समधून बांधायचं हीच ज्यांची ओळख, त्यांनीसुद्धा डिसेंबर २०२३ पासून तयार बायनरी पॅकेजेस अधिकृतपणे द्यायला सुरुवात केली. त्यांच्याकडे जुना ठोकताळा आहे, एका कामामागे २ जीबी रॅम धरायची. म्हणजे ४ जीबीवर दोन कामं, आणि तिथंही सिस्टिमला काही उरत नाही. क्रोमियमवाले (क्रोम ब्राउझरच्या मागचा खुला प्रोजेक्ट) स्वतः लिहितात की किमान ८ जीबी पाहिजे, १६ च्या वर असेल तर बरं, आणि डिस्कवर १०० जीबी मोकळी. जे हा प्रोजेक्ट बनवतात तेच हे सांगतात. सीनियरनं पोराला निरुत्साही केलं नाही, खरं ते सांगितलं.

"सोर्समधून बांधलं म्हणजे आपलं, म्हणजे सुरक्षित" असंही बरेच जण धरून चालतात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेडचं, म्हणजे लिनक्सवरच्या फाइली दाबायच्या टूलचं, काय झालं? ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या अधिकृत सोर्स टारबॉलमध्येच (उतरवून घ्यायच्या सोर्सच्या गठ्ठ्यात) मागचं दार लपवलं होतं, आणि ते उघडत होतं बिल्डच्या स्क्रिप्टमधून. ज्यांनी इमानदारीनं सोर्स उतरवून बांधलं असेल त्यांना त्या बांधण्यानं काय वाचवलं?

पूर्वभाग

सुरक्षित असतं असं मी कुठंच लिहिलं नाही, बदलता येतं असं लिहिलं. पण एक्सझेड काढलंतच तर पूर्ण सांगा. ते सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएचनं (दूरच्या मशीनवर) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो असं दिसलं आणि ते खणत गेले. त्यातला कळीचा तुकडा गिटमधल्या, म्हणजे बदलांची नोंद राहते त्या सोर्समध्ये नव्हताच, फक्त टारबॉलमध्ये होता. दोन्ही ठिकाणचं ताडून बघणारी, बिल्डच्या स्क्रिप्टी वाचणारी माणसं जास्त हवीत की कमी?

कडक भाकरी

मी थर्ड इयरला आहे, मुलगी आहे, आणि या विषयावर माझे दोन आठवडे गेलेत, म्हणून लिहिते. काका, राग मानू नका, पण मी होटगी रोड यांच्या बाजूनं आहे.

आमच्या लॅबमधली मशीन्स ४ जीबीचीच. पाच वाजता लॅब बंद, म्हणजे रात्रभर बिल्ड ठेवायचा प्रश्नच नाही. घरी लॅपटॉप, वर पत्र्याची खोली. एप्रिलमध्ये बाहेर ४२ असतं तेव्हा आत काय असेल विचार करा. प्रोसेसर तापतो, स्वतःचा वेग कमी करतो, आणि सहा तासांचा बिल्ड चौदा तासांवर जातो. मी क्यूटी वेबइंजिन (प्रोग्रॅममध्ये वेबपानं दाखवणारी लायब्ररी) लावलं होतं. त्याच्या पोटात अख्खं क्रोमियम आहे हे मला नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी सोडलं. सबमिशन राहिलं ते वेगळंच.

शिकायचं असेल तर बांधायला छोटी चीज का घेऊ नये? मी नंतर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घेतला. त्यांचा सगळा सोर्स एका फाइलमध्ये एकत्र करून मिळतो, दोन लाखांहून जास्त ओळींची एकच सी फाइल. याच ४ जीबीच्या लॅपटॉपवर ती चहा होईपर्यंत कम्पाइल झाली. मी त्यात ओळ बदलली, परत बांधलं, काय फरक पडला ते बघितलं, दिवसातून तीस वेळा. साडेनऊ तासांच्या बिल्डमध्ये असं तीस वेळा बघता येईल का? त्या साडेनऊ तासांत भाच्यानं नक्की काय शिकलं, हे मला खरंच समजून घ्यायचंय.

बाराबंदी

एसक्यूलाइटचं उदाहरण फार चांगलं दिलंत. त्यातून मूळ गोष्ट समजते, ओळी किती यावर मेमरी ठरत नाही. एसक्यूलाइट साधं सी आहे. क्लँगमधली हजारभर ओळींची सी++ फाइल हेडरं आणि टेम्प्लेटं उलगडत गेली की कम्पायलरच्या पोटात लाखो ओळींची होते. म्हणून ती लहान दिसणारी फाइल त्या मोठीपेक्षा जड.

पूर्वभाग, तुमच्या यादीत थोडी भर आणि एक दुरुस्ती.

लोक सांगतात झेडरॅम लावा, ४ चे ८ होतील. होत नाहीत. झेडरॅम रॅमचाच एक भाग घेऊन त्यात दाबून भरतो. कम्पायलरचा डेटा बऱ्यापैकी दाबला जातो, त्यामुळं फायदा नक्की आहे. पण लिंकर ऑब्जेक्ट फाइली डिस्कवरूनच मेमरीत मॅप करतो, ती पानं स्वॅपमध्ये (रॅम भरल्यावर डेटा हलवायच्या जागेत) जातच नाहीत. जागा कमी पडली की कर्नल ती टाकून देतो आणि लागली की परत डिस्कवरून वाचतो. म्हणून लिंकच्या वेळी खरा फरक पडतो तो डिस्कचा. जुन्या हार्ड डिस्कवर तेच लिंक अर्धा दिवस घरघरत बसेल. भाच्याच्या लॅपटॉपला एसएसडी होती म्हणून निभावलं, हे स्पष्ट लिहायला हवं होतं.

दुसरं, बिल्ड टेम्प फोल्डरमध्ये करू नका. बऱ्याच लिनक्समध्ये ते फोल्डर रॅममध्येच असतं. आधीच रॅम कमी आणि ऑब्जेक्ट फाइलीही रॅममध्येच साठतात, मग वाट लागते.

आणि कॅशबद्दल. आधी कम्पाइल झालेलं जपून ठेवणाऱ्या सीकॅशनं दुसऱ्यांदा बांधताना वेळ वाचतो, पण पहिल्या वेळची मेमरी वाचत नाही आणि लिंकला तर त्याचा उपयोगच नाही. पोरं या दोन गोष्टींची गल्लत करतात.

मी कुणाच्या बाजूचा? पूर्वभागांच्या. अट एकच, मशीन कशावर अडतंय हे आधी बघा. दुसऱ्या टर्मिनलवर मेमरी किती उरली ते चालू ठेवा. सगळं कम्पाइल शांतपणे होऊन लिंकला मरतंय, तर दोष कामांच्या आकड्यात नाही, डीबगमध्ये नाहीतर लिंकरमध्ये आहे.

होटगी रोड

बाराबंदी, सगळं बरोबर. पण बघा ना, पोरानं एवढं सगळं शिकायचं ते कशासाठी? रॅम कमी आहे या एका अडचणीला वळसा घालायला. ही विद्या उद्या ३२ जीबीच्या मशीनवर बसल्यावर निरुपयोगी. त्यापेक्षा दोन तासांसाठी भाड्यानं मोठं मशीन घ्या, तिथं बांधा, घरी आणा. नाहीतर मित्राचं डेस्कटॉप वापरा. आणि स्वॅपवर रात्रभर घासून एसएसडीचं आयुष्य कमी होतं, तो पैसा कुणाचा? भाच्याच्या बापाचाच ना.

उजनी काठ

वादात पडत नाही, पण आपल्याकडचा एक त्रास कुणीच लिहिला नाही. बिल्ड अर्ध्यावर असताना लाइट गेली की काय? माझा डेस्कटॉप आहे, बॅटरी नाही. मेक काय किंवा निंजा काय, जिथून सुटलं तिथून पुढे धरतात, त्यामुळं सगळं परत करावं लागत नाही. पण लाइट गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल कधी कधी शून्य बाइटची राहते. तारीख नवी, म्हणून मेकला वाटतं झालेली आहे. मग शेवटी लिंकर म्हणतो फाइल ओळखता येत नाही. मी पहिल्यांदा सगळंच पुसून नव्यानं लावलं होतं, अकरा तास वाया. नुसत्या शून्य आकाराच्या ऑब्जेक्ट फाइली शोधून पुसायच्या आणि परत बिल्ड द्यायचा, बास.

पूर्वभाग

उजनी काठ, हे सोन्यासारखं सांगितलंत.

होटगी रोड, एसएसडीचा मुद्दा मान्य. म्हणूनच दोन कामांवर ठेवलं, स्वॅप फारसा लागलाच नाही. विजेचंही गणित केलं. लॅपटॉप तीस-चाळीस वॉट ओढतो, साडेनऊ तासांत युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. भाड्याच्या मशीनला कार्ड लागतं, चांगलं नेट लागतं, आणि ते परत केलं की दुसऱ्या दिवशी एक ओळ बदलायला परत भाडं. घरच्या मशीनवर पहिला बिल्ड साडेनऊ तासांचा, पण ओळ बदलल्यावर तेवढी एक फाइल आणि लिंक. भाच्याला आता त्यासाठी पाच-सहा मिनिटं लागतात.

पण ही विद्या निरुपयोगी होते हे मात्र अजिबात मान्य नाही. डिसेंबर २०११ मध्ये फायरफॉक्सवाले याच भिंतीवर आपटले होते. त्यांच्याकडे मशीन्सना काय तोटा? पण ३२ बिटच्या विंडोजवर लिंकरला ३ जीबीच्या पुढची मेमरी वापरताच येत नव्हती, आणि जवळपास सगळा ब्राउझर एकाच लायब्ररीत, त्यात प्रोफाइल (प्रोग्रॅम चालतानाची नोंद) बघून ऑप्टिमाइझ करणारा बिल्ड. लिंकरची मेमरी संपली, नवीन कोड घेणं थांबवावं लागलं. मेमरी कुठं जाते हे ज्यांना माहीत होतं त्यांनीच त्यातून वाट काढली. १६ जीबीवाल्याला हीच भिंत लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन (जोडताना सगळा कोड एकत्र बघून सुधारणं) लावलं की भेटते. ज्यानं ४ वर झगडलंय तो तेव्हा गोंधळत नाही.

कडक भाकरी, तू विचारलंस भाचा काय शिकला. तुझ्या प्रश्नाला उडवून लावणार नाही. तो कम्पायलरच्या आतलं फार शिकला नाही, हे खरं. तो शिकला की लिंक ही वेगळी पायरी आहे, तिचं ओझं वेगळं आहे. डीबगची माहिती कुठं राहते, किती जागा खाते. आणि 'किल्ड' आलं म्हणजे आपण चुकलो असं नाही, कुणीतरी मारलं, आणि का मारलं ते कर्नलच्या लॉगमध्ये लिहिलेलं असतं. एसक्यूलाइट तू घेतलंस ते सुरुवातीला बरोबरच. मीही भाच्याला आधी तेच द्यायला हवं होतं, एवढी चूक माझी. पण तिथंच थांब, असं तुला कुणी सांगितलं तर मी भांडेन.

होटगी रोड

"आधी छोटं, मग मोठं" असं पहिल्या पोस्टमध्येच असतं तर मी एवढं लिहिलंच नसतं. तरी क्रोमियम ४ जीबीवर कुणी लावू नये, यावर मी ठाम आहे. ज्या प्रोजेक्टनं स्वतः ८ लिहिलंय तिथं ४ वर पोरांचे आठवडे घालवायचे नाहीत.

पूर्वभाग

क्रोमियमचं मान्य. पण किती प्रोजेक्ट असा आकडा लिहितात? बहुतेकांच्या सूचनांमध्ये मेमरीबद्दल एक ओळही नसते. ती ओळ असती तर कडक भाकरीचे तीन दिवस वाचले असते.

कडक भाकरी

काका, लॉगचं मला माहीत नव्हतं. मी 'किल्ड' बघून नुसतं परत लावत होते, चार वेळा.

माझं मत अजून तेच आहे, सबमिशनच्या दिवसांत हे करू नये. पण परवा परीक्षा संपली. लॅपटॉप ४ जीबी, हार्ड डिस्क जुनीच आहे, एसएसडी नाही. एलएलव्हीएम लावू का? गच्चीवर रात्री अकरानंतर जरा गार असतं.

बाराबंदी

जुनी हार्ड डिस्क असेल तर क्लँग सध्या सोड, नुसतं एलएलव्हीएम घे. रिलीज, फक्त एक्स८६, लिंक एक, कम्पाइलही एकच काम. आणि सगळी टूल्स नको, निंजाला फक्त 'ऑप्ट' आणि 'एलएलसी' ही दोन नावं दे, तेवढंच बांधेल. पंख्याची हवा लॅपटॉपच्या खालून जाईल असं ठेव, उशी-गादीवर नको.

मेलंच तर परत लावायच्या आधी कर्नलचा लॉग बघ, आणि मरण्याआधीची शेवटची फाइल कोणती ते इथं टाक.