पालिकेच्या इंग्रजी शाळेत सिनियर शिक्षकांना बरोबर कसं घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत एम पूर्व विभागातल्या पालिकेच्या एका शाळेत इंग्रजी माध्यमाच्या चौथीला शिकवते. वर्गात मराठी मुलं मोजकीच. बाकीच्यांच्या घरी हिंदी, उर्दू, भोजपुरी, एखाद्या घरात तमिळ. इंग्रजी कुणाच्याच घरी नाही. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत आहेत, तरी पालकांचा ओढा इंग्रजीकडेच. त्यात मला त्यांचं काही चुकतंय असं वाटत नाही.

यंदा मुख्याध्यापिका बाईंनी पहिली ते पाचवीच्या इंग्रजीचं काम माझ्याकडे दिलं. पद नाही, तासिका कमी नाहीत, नुसतं "तुम्ही बघा जरा".

मुलं 'टीचर, मे आय गो' छान बोलतात, म्हणून सगळ्यांना वाटतं इंग्रजी आलं. 45 वजा 28 चटकन करतात. पण तेच शाब्दिक उदाहरणात 'हाऊ मेनी मोअर' असं आलं, की 'मोअर' बघून बेरीज करून मोकळी! शेरा पडतो, "गणित कच्चं". जिम कमिन्स या अभ्यासकाने हा फरक 1979 मध्येच मांडला होता. बोलण्यापुरती भाषा दोनेक वर्षांत येते, पुस्तकातली यायला पाच ते सात वर्षं लागतात. चौथीतल्या मुलांकडून आपण घाईच करतोय.

मी आधी उदाहरण मुलांना जोडीने आपापल्या भाषेत बोलू देते, मग फळ्यावर इंग्रजी वाक्याचा सांगाडा देते आणि मुलं तो भरतात. फरक दिसतो. पण सिनियर बाई म्हणतात, "इंग्रजी माध्यमात हिंदी? पालक जाब विचारतील." 2020 च्या शैक्षणिक धोरणात शक्यतो पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं आहे, हे सांगून पाहिलं. "ते धोरणात," एवढंच उत्तर. त्यांचंही खरं आहे म्हणा, बीएलओची (मतदार याद्यांची) कामं आणि ऑनलाइन माहिती भरणं यातच जीव जातो.

वयाने, अनुभवाने मोठ्या सहकाऱ्यांच्या वर्गात, तपासायला आले असं न वाटता, शिरायचं कसं? कुणी हे केलंय का?

प्रतिसाद (निवृत्त मुख्याध्यापक, परळ):
ताई, त्यांच्या वर्गात जाऊच नका. त्यांना तुमच्या वर्गात बोलवा, आणि "ही तीन मुलं कुठे अडतात ते बघाल का?" असं विचारा. सल्ला मागितला की माणूस येतो. दुसरं, सुरुवात गणितापासून करा. इंग्रजी म्हटलं की मराठी माध्यमातून आलेल्या आमच्यासारख्यांना आपल्याच इंग्रजीची परीक्षा वाटते. ही भीती कुणी बोलून दाखवत नाही, विरोध मात्र बराचसा तिथूनच येतो. घटक चाचणीचे चुकलेले पेपर घेऊन एकत्र बसा आणि दोन गठ्ठे करा: आकडेमोड चुकली ते एकीकडे, प्रश्नच कळला नाही ते दुसरीकडे. तुम्ही काही बोलू नका, गठ्ठे बघू द्या.

प्रतिसाद (शिक्षिका, कुर्ला):
गठ्ठ्यांना अनुमोदन. एक सावधगिरी मात्र घ्या. ओळीमागे ओळ हिंदीत सांगू नका. मुलं इंग्रजी ऐकायचीच थांबतात, हिंदीची वाट बघतात. आधी मुद्दा घरच्या भाषेत, मग तोच सलग इंग्रजीत. पालकांचं म्हणाल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मुलांनाच उदाहरण दोन्ही भाषांत समजावून सांगू द्या. इंग्रजी कानावर पडलं की पालक शांत होतात, हा माझा अनुभव.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. पेपरचं पुढच्या चाचणीला करतेच. प्रश्न वेळेचा आहे. आमची शाळा दोन सत्रांत भरते, सकाळची मुलं बाहेर पडतात तोच दुपारची दारात. गठ्ठे करायला सगळ्यांना एकत्र कधी बसवायचं? तुमच्याकडे शनिवारी जमतं का?