फुले मार्केटजवळ 10 ते 7 बाईक लावायची आहे. कुलूप सुचवा, चलन कसं टाळायचं तेही सांगा (बजेट 800)

पाळधीकर:
नमस्कार मंडळी. रोज पाळधीहून जळगावला अपडाऊन करतो. दुकान फुले मार्केटच्या मागच्या बाजूला, वेळ सकाळी 10 ते संध्याकाळी 7. गाडी 2012ची स्प्लेंडर, अलॉय व्हील, पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक ड्रम. हँडल लॉक लागतं, पण जोरात हिसका दिला की सुटतं. आतापर्यंत दोन चलनं आली, पहिलं 500, दुसरं 1500. दोन प्रश्न: (1) कुलूप कोणतं? (2) गाडी कुठे आणि कशी लावली की चलन येणार नाही? बजेट 800. आठशेच हां, आठ हजार नाही.

बुलेटराजा_भुसावळ:
डिस्क लॉक घे, अलार्मवालं. कोणी हात लावला की अख्खी गल्ली गोळा होते. 1,900 पडले, पण झोप शांत लागते.

गॅरेज_धुळे:
राजे, त्याच्या गाडीला डिस्कच नाही. दोन्ही ड्रम लिहिलंय. डिस्क लॉक काय कानात घालणार?

बुलेटराजा_भुसावळ:
मग डिस्कवाली गाडी घ्या. 2012ची किती दिवस चालवणार.

तापीकाठ:
भो, कुलूप कितलंबी भारी ले, चोरले टाईम भेटना का तो तोडसच. कुलूप म्हणजे फक्त टाईम विकत घेणं.

गॅरेज_धुळे:
तापीकाठ बरोबर बोलतोय, म्हणून आता नीट सांगतो. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, गाडी ढकलत नेता येऊ नये. दोन, गाडी उचलून टेम्पोत टाकता येऊ नये. हँडल लॉक पहिलीच गोष्ट करतं, तेही तुमचं ढिलं आहे. आधी लॉकसेट बदला. नुसतं इग्निशन स्विच बदललं तर टाकीच्या झाकणाला वेगळी चावी होते, म्हणून पूर्ण सेट घ्या.

मग साखळी. बाजारात जाड प्लास्टिकच्या नळीत घातलेली मिळते तिला भुलू नका. नळी कापून आतली कडी बघा, बऱ्याचदा आत 6 एमएमची साधी सळई निघते. कडी 10 एमएम हवी आणि कडक केलेली हवी. तपासायला खिशात छोटी कानस न्या. कडीवर घासा. कानस घसरली, नुसती चकाकी आली तर लोखंड कडक आहे. कानशीने भुगा काढला तर ती विहिरीच्या रहाटाची साखळी समजा, दोन फुटी कटर एका दाबात तोडतो. सव्वा मीटरची 10 एमएम साखळी कुलपासकट तीन किलोच्या आसपास भरते, हे आधीच सांगतो. लोक घेतात आणि आठ दिवसांनी घरी ठेवतात.

केळीबाग_रावेर:
मी 12 एमएम वापरतो. 10 एमएम म्हणजे खेळणं.

शेवभाजी:
12 एमएमची किंमत किती?

केळीबाग_रावेर:
साडेचार हजार. पण एकदाच.

पाळधीकर:
आठशे लिहिलंय मी.

गॅरेज_धुळे:
आठशेत 10 एमएमची कडक साखळी बसणार नाही. आठशेत बसतं ते यू लॉक, किंवा चाकात घालायचं आडवं कुलूप. तुमचं अलॉय आहे, त्यामुळे मागच्या चाकाच्या दोन आऱ्यांमधून घालून स्विंग आर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) अडकवा. पुढच्या चाकाला लावू नका, एक्सल काढला की चाक कुलपासकट बाजूला पडतं. घालताना डावीकडून घाला, उजवीकडे सायलेन्सर आहे. चावीचं भोक खाली तोंड करून राहील असं बसवा, पावसाचं पाणी आत जात नाही. जुन्या सायकल ट्यूबचा वीतभर तुकडा कापून दांड्यावर चढवा, अलॉयला ओरखडे पडत नाहीत.

चाळीसगावची_मी:
कुलपात तेल घालू नका हेही सांगा. आपल्याकडे धूळ इतकी की तेल पडलं की आत चिखल होतो आणि मे महिन्यात चावी अर्ध्यात अडकते. पेन्सिलीच्या शिशाचा भुगा फुंकून घालायचा. महिन्यातून एकदा.

बुलेटराजा_भुसावळ:
तेल घातलं तर काय होतं? मी इंजिन ऑईल घालतो.

चाळीसगावची_मी:
वर लिहिलंय.

कोर्टचौक_77:
कुलपाचं तुम्ही बघा. चलनाचं मी सांगतो. नो पार्किंग म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम 177. पहिल्यांदा 500, पुन्हा 1500. गाडी उचलून नेली तर उचलण्याचे पैसे वेगळे.

जामनेर_वाला:
200 असतात. मी भरलेत.

कोर्टचौक_77:
ते जुने. महाराष्ट्रात नवे दर डिसेंबर 2021पासून. आणि बोर्ड नाही म्हणजे पार्किंग आहे असं नसतं. फुटपाथवर, वळणावर, झेब्रा पट्टीजवळ, बस थांब्यापाशी, शाळा-दवाखान्याच्या फाटकासमोर, आधीच उभ्या असलेल्या गाडीला समांतर दुसरी रांग करून, यातलं काहीही केलं तर बोर्ड लागत नाही. सम-विषमचा बोर्ड (सम तारखेला एका बाजूला, विषमला दुसऱ्या) असेल तर तारीख रात्री 12 वाजता बदलते. संध्याकाळी बरोबर बाजूला लावलेली गाडी सकाळी चुकीच्या बाजूला असते. पाळधीकर दिवसा लावतात म्हणून त्यांना हे लागू नाही, पण रात्री स्टेशनजवळ लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पाळधीकर:
मला दोन्ही चलनं दुकानासमोरच आली. बोर्ड नव्हता.

कोर्टचौक_77:
महाट्रॅफिकच्या वेबसाइटवर चलनाचा फोटो बघा. फोटोत गाडी फुटपाथच्या कडेवर आहे का? पुढचं चाक वर आणि मागचं खाली, तरी ती फुटपाथवरच धरतात. नंबर चुकीचा असेल किंवा गाडी तुमची नसेल तर तिथेच तक्रारीची सोय आहे. फोटो स्पष्ट असेल तर भांडून उपयोग नाही. थकीत असेल तर लोक अदालतीची वाट बघतात काही जण, पण तोवर ते नावावर दिसत राहतं आणि गाडी विकायला गेलं की समोर येतं.

शेवभाजी:
इथेच खरी गोम आहे. गॅरेजवाले म्हणतात साखळी कशाला तरी बांधा. बांधायला खांब-रेलिंग कुठे असतं? फुटपाथवर. म्हणजे चोरापासून वाचवली की चलन येणार.

गॅरेज_धुळे:
मी खांबाला बांधा म्हटलंच नाही. विजेच्या खांबाला तर अजिबात नको, पावसाळ्यात खांबात करंट उतरतो आणि साखळी सगळी लोखंडी. दुसऱ्या बाईकच्या चाकातून साखळी घालून दोन्ही एकत्र बांधणं बरं, दोघांची ओळख असेल तर. दोन जोडलेल्या गाड्या टेम्पोत टाकायला चार माणसं लागतात. पण मग दोघांना एकाच वेळी निघावं लागतं.

तापीकाठ:
म्हंजे लगीन लावानं.

केळीबाग_रावेर:
जीपीएस लावा, हे सगळं विसरा. मोबाईलवर गाडी दिसते.

गॅरेज_धुळे:
2012च्या स्प्लेंडरची बॅटरी लहान. 3 अँपिअर-तासाची धरू. ट्रॅकर बंद गाडीत 10 मिलिअँपिअर खातो असं धरलं तर दिवसाला जवळपास पाव अँपिअर-तास, म्हणजे बारा दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी संपली. रोज चालवणाऱ्याला चालेल, सुट्टीला गावी गेला की पंचाईत. स्वस्त ट्रॅकर 2जी सिमवर चालतात, जिओला 2जी नाही, म्हणून सिम बघून घ्यावं लागतं आणि रिचार्ज चालू ठेवावा लागतो. आणि ट्रॅकर चोरी थांबवत नाही.

जामनेर_वाला:
फ्यूज काढून खिशात घाला. फुकट. बॅटरीच्या बाजूचं कव्हर उघडा, एक फ्यूज, झालं.

गॅरेज_धुळे:
नवीन इंजेक्शनच्या गाडीला उपयोग आहे, पेट्रोल पंप आणि ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरला) वीज मिळत नाही. कार्ब्युरेटरच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना बॅटरी नसली तरी किक लागते, स्पार्कची वीज मॅग्नेटमधून येते. पाळधीकरांनी घरीच बघावं: फ्यूज काढा, चावी चालू करा, किक मारा. सुरू झाली तर ही युक्ती तुमच्या गाडीला नाही.

पाळधीकर:
आत्ता करून बघितलं. सुरू झाली.

जामनेर_वाला:
माझी होत नाही. नीट काढला का फ्यूज?

बुलेटराजा_भुसावळ:
अलार्म घ्या.

चाळीसगावची_मी:
सगळ्यांनी कुलपावर जोर दिला, स्टँडचं कोणी बोललं नाही. जळगावच्या मे महिन्यात दुपारी डांबर मऊ पडतं. साइड स्टँडचं टोक हळूहळू रुततं आणि तीन-चारच्या सुमारास गाडी शेजारच्या चार गाड्या घेऊन आडवी होते. फरशीचा चार बाय चार इंचाचा तुकडा डिकीत किंवा साइड कव्हरमागे ठेवायचा. जागा असेल तर डबल स्टँड. हँडल डावीकडे वळवूनच लॉक करा, साइड स्टँडवर गाडी डावीकडे टेकते आणि स्थिर राहते, उजवीकडे वळवली तर उभी होऊन धक्क्याला पडते. उताराला तोंड वर, गिअर पहिला. आणि उन्हात लावायची असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरू नका, पेट्रोल फुगतं आणि झाकणातून ओघळतं.

शेवभाजी:
हे खरंच कामाचं. धन्यवाद ताई.

केळीबाग_रावेर:
आम्ही तर नेहमी डबल स्टँडवरच लावतो.

कोर्टचौक_77:
पैसे देऊन लावायच्या पार्किंगचं कोणी सुचवलं नाही अजून. पावती असेल तर चलनाचा प्रश्नच मिटतो.

जामनेर_वाला:
तिथे बोर्ड असतो, ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’. गाडी गेली तर हात वर.

कोर्टचौक_77:
बोर्ड लावला म्हणून जबाबदारी जातेच असं नाही. 2019मध्ये सुप्रीम कोर्टाने हॉटेलच्या व्हॅले पार्किंगमधून गेलेल्या गाडीबद्दल हेच म्हटलंय, निष्काळजीपणा असेल तर नुसत्या त्या ओळीने हॉटेल सुटत नाही. पण तिथे चावी हॉटेलच्या ताब्यात दिलेली होती. पार्किंग स्टँडवर तुम्ही चावी खिशात घेऊन जाता, त्यामुळे तुमची केस इतकी सरळ नसेल. तरी पावती जपा. पावतीवर गाडीचा नंबर लिहून घ्या, कोरी पावती कशाचाच पुरावा नाही.

शेवभाजी:
स्टँडवाले हँडल लॉक लावू देत नाहीत. गाड्या सरकवाव्या लागतात त्यांना.

गॅरेज_धुळे:
मागच्या चाकाचं कुलूपही चालत नाही तिथे. ओढत नेतात आणि आऱ्या वाकतात. विचारून लावा.

चाळीसगावची_मी:
विमा बघून घ्या सगळ्यांनी. 1 सप्टेंबर 2018नंतरच्या नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच मिळतो, पण ओन डॅमेज (आपल्याच गाडीचं नुकसान, चोरी) बऱ्याचदा एकच वर्षाचा असतो. पाच वर्षं कागद चालू दिसतो, पोलीस काही म्हणत नाहीत, आणि चोरी झाली की कळतं चोरीचं कव्हर चार वर्षांपूर्वीच संपलंय. क्लेमला दोन्ही चाव्या मागतात. आणि पोलिसांचा तपास ‘अ’ समरी (गुन्हा खरा, पण चोर सापडला नाही असा अहवाल) होऊन बंद होईपर्यंत पैसे सहसा अडकून राहतात.

पाळधीकर:
माझा थर्ड पार्टीच आहे. 2012च्या गाडीला ओन डॅमेज काढून हातात किती येणार.

चाळीसगावची_मी:
बरोबर आहे, तुम्हाला परवडणार नाही. बाकीच्यांसाठी लिहिलं.

बुलेटराजा_भुसावळ:
नंबरप्लेट हाय सिक्युरिटीची लावली का? 2019च्या एप्रिलआधीच्या गाड्यांना सक्तीची आहे. नो पार्किंगला उचलली की तेही चलन जोडतील.

पाळधीकर:
लावली. 531 रुपये.

बुलेटराजा_भुसावळ:
मग बजेटमधले 531 गेलेच की.

पाळधीकर:
ते मागच्या वर्षी गेले.

(तीन दिवसांनी)

पाळधीकर:
सगळ्यांचे आभार. शेवटी हिशेब केला. यू लॉक 650, लॉकसेट वेगळा, पार्किंगचे महिन्याचे पैसे वेगळे, पेट्रोल वेगळं. आज एसटीचा मासिक पास काढला. 20 दिवसांचं भाडं भरायचं, 30 दिवस फिरायचं. कुलूप घेत नाही.

जामनेर_वाला:
बायकोच्या नावाने काढायचा होता, 2023पासून बायकांना अर्धं तिकीट आहे.

चाळीसगावची_मी:
पास ज्याच्या नावाचा त्यानेच प्रवास करायचा असतो हो.

शेवभाजी:
म्हणजे धाग्यात इतकं लिहिलं ते फुकट?

गॅरेज_धुळे:
एक मिनिट. घरापासून फाट्यापर्यंत गाडीनेच येणार ना? दिवसभर हायवेवर बेवारस उभी? फुले मार्केटमध्ये निदान हजार डोळे होते. तिथे तर यू लॉक अजून जास्त लागेल.

पाळधीकर:
फाट्यावर पंक्चरवाला आहे ओळखीचा. गाडी शटरच्या आत लावतो, सकाळी कंप्रेसरजवळ आणि दुपारी तो म्हणेल तिथे. महिन्याचे दीडशे.

केळीबाग_रावेर:
शटरला कुलूप किती एमएमचं आहे?

पाळधीकर:
उद्या बघून सांगतो.