मदत हवी आहे: व्हर्च्युअल लोणारच्या काठावर काकांची खंजेरी ऐकूच येत नाही

उल्का_मेहकर

नमस्कार मंडळी. मेहकर तालुक्यातल्या एका गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. आम्ही अकरा जण विज्ञानकथांचे वेडे दर शनिवारी रात्री ओपनसिम्युलेटरवर भेटतो. सेकंड लाइफसारखंच कॉम्प्युटरवरचं त्रिमितीय जग, त्यात आपला बाहुला म्हणजे अवतार फिरवायचा, पण सॉफ्टवेअर मुक्त आणि सर्व्हर आपला आपण चालवायचा. तिथे आम्ही लोणार बांधलंय. जमिनीचा मूळ तुकडा २५६ मीटरचा, विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर, म्हणून आठ बाय आठ तुकड्यांएवढा एकच मोठा प्रदेश घेतला. पाणी गुलाबी ठेवलंय, २०२० च्या जूनमध्ये झालं होतं तसं. (यावरून तीन आठवडे भांडण झालं, ते इथे नको.) अवताराला खरं नाव द्यायचं नाही हा आमचा नियम. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवली होती, तो मान.

आता अडचण. कोजागरीला अठरा दिवस राहिलेत आणि विवराच्या काठावर काकांचं भजन ठेवलंय. काका तुकडोजी महाराजांची भजनं गातात, खंजेरी त्यांची स्वतःची, चाळीस वर्षांची. पेटीवर आमचाच एक मेंबर, पुण्याहून.

आधी त्या जगातल्याच व्हॉइसवर करून पाहिलं. काकांचा गळा स्वच्छ, खंजेरी गायब! थाप पडली की 'भुस्स', आणि झांजांचा तर मागमूस नाही. मग पुण्याशी कॉल जोडून दोघांना सोबत बसवलं. ताल असा घसरला की काकांनी दुसऱ्या मिनिटाला खंजेरी मांडीवर ठेवली. माझ्याकडे मोबाइलचं हॉटस्पॉट, पिंग (नेटवरून निरोप जाऊन परत यायचा वेळ) ८० मिलिसेकंदांच्या आसपास.

शेवटी आइसकास्टवर (इंटरनेट रेडिओसारखा आवाज पुरवणारा सर्व्हर) स्ट्रीम चढवून त्याचा पत्ता जमिनीच्या 'साउंड' टॅबमध्ये टाकला. आवाज बरा आला. पण ऐकणारे चौदा सेकंद मागे. काका दुसऱ्या भजनात शिरले आणि स्क्रीनवर पहिल्याच्या टाळ्या. "पयल्याच्या टाया आता येऊन रायल्या व्हय?" म्हणून जे उठले ते थेट गोठ्यात.

लाइन जाते त्याचं सांगू नका, इन्व्हर्टर आहे. खंजेरी का गायब होते आणि पेटीचं काय करू, एवढं सांगा. नवा माइक घ्यायचा तर दोन हजाराच्या आत.

काळा_पत्थर

माइक घेऊ नका. व्हॉइसमध्ये 'नॉइज सप्रेशन' असतं, ते माणसाचं बोलणं ठेवतं आणि बाकीचं गोंगाट समजून कापतं. पंखा, कुकरची शिटी, खंजेरी, त्याच्या लेखी सगळं एकच. व्ह्यूअरच्या (ज्या प्रोग्रॅममधून ते जग बघता त्याच्या) सेटिंगमध्ये ते बंद करा, सोबत 'ऑटोमॅटिक गेन' म्हणजे आवाज आपोआप कमी-जास्त करणंही. नाहीतर थाप पडली की अख्खा आवाज दबतो आणि मग हळूहळू वर येतो. विंडोजमध्ये माइकच्या प्रॉपर्टीत 'एन्हान्समेंट' असेल तर तेही काढा.

माइक तोंडासमोर वीतभर, खंजेरी बाजूला हातभर लांब. मीटरची पट्टी तांबड्यात गेली तर तो ठोका फाटतो आणि नंतर काही केलं तरी जुळत नाही.

पेटीमास्तर

पिंग ८० म्हणजे जाऊन-येऊन. एका बाजूचे ४० धरा. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे पेटी १३-१४ मीटर लांब बसली. साउंडकार्डचा आणि बफरचा (आवाज थोडा साठवून मग पुढे सोडण्याचा) वेळ मिळवला की सहज दुप्पट. काका देवळात आणि पेटी रस्त्यापलीकडच्या पारावर! साधारण २५-३० मिलिसेकंदांपुढे ताल सुटायला लागतो. नेटवरून सोबत वाजवायला जॅम्युलस वगैरे सॉफ्टवेअर आहेत, पण त्यांना वायरचं नेट लागतं, हॉटस्पॉटवर जीव नका काढू.

मुळात सोबत वाजवायची गरजच काय? भजनात पेटी मागून चालते. काकांना एकट्याला गाऊ द्या आणि तो स्ट्रीम फक्त पुण्याला पाठवा. पुण्याचा गडी तो ऐकत पेटी भरेल, त्याच्या कॉम्प्युटरवर दोन्ही एकत्र होतील आणि तिथून दुसरा स्ट्रीम लोणारला जाईल. काकांचा आवाज पुण्यात दहा सेकंद उशिरा पोचला तरी बिघडत नाही, त्याच्या कानाला ते 'आत्ता'च आहे. उलट बफर मोठा ठेवा, नेट अडखळलं तरी गाणं तुटणार नाही. पाठवायला 'बट' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, नावावर हसू नका. १२८ केबीपीएसला तासाला ५८ एमबी जातात.

उल्का_मेहकर

पेटीमास्तर, पण काकांना पेटी ऐकूच येणार नाही की. सांगितल्याबरोबर म्हणाले, "मंग सूर कोनाचा धरू मी?"

पेटीमास्तर

मोबाइलवर तानपुरा लावून एका कानात हेडफोन द्या. पट्टी आधी पुण्याला कळवा. काळी एक असेल तर काळी एकच, ऐन वेळी काका अर्धा सूर चढले तर पुण्याचा माणूस रडेल.

काळा_पत्थर

आणि टाळ्यांचं टेन्शन घेऊ नका. आता तर उशीर दुप्पट होईल. काकांपुढे स्क्रीन ठेवूच नका, घरचेच चार लोक समोर बसवा.

उल्का_मेहकर

काल रात्री करून पाहिलं. सप्रेशन काढल्यावर पहिल्याच थापेला मस्कतच्या मेंबरनं लिहिलं, 'झांजा आल्या!!' पेटीची उलटी साखळीपण चालली. काका पांढरी चारमध्ये गातात हे आम्हाला कालच कळलं, पुण्यानं आधी काळी पाच धरली होती. समोर काकू आणि शेजारची तीन पोरं बसवली. मधात लाइन गेली, कोणाला कळलंही नाही.

एकच राहिलं. नंतर काकांना रेकॉर्डिंग दाखवलं तर अवताराचा हात खंजेरीच्या आरपार जातो. "मी काय भूत हाय का?" म्हणून अडून बसलेत. हातात खंजेरी नीट बसेल असं ॲनिमेशन कोणाकडे आहे का? डफाचं असलं तरी चालेल.