फुटबॉल: पुरुष संघ आशिया कपला नाही, मुली तिन्ही गटांत पात्र. आधी कोणाकडे बघायचं?

नेरूळकर_बाबा | २२ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४०

ढाक्याची मॅच मी शेवटपर्यंत बघितली, मंगळवारची, १८ तारखेची. अकराव्या मिनिटाला मोर्सालिनने गोल केला आणि उरलेली ऐंशी मिनिटं आपल्याला तो फेडता आला नाही. बांगलादेशकडून आपण हरलो ते २००३ नंतर पहिल्यांदाच. या निकालाने हिशेबात फरक पडला नाही म्हणा. १४ ऑक्टोबरला गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरने २-१ हरवलं तेव्हाच २०२७ च्या आशिया कपचं दार बंद झालं होतं. पात्रता फेरीचे पाच सामने, दोन गुण, दोन गोल. चोवीस संघांची स्पर्धा आहे आणि त्यात आपण नाही.

तेव्हापासून जो तो कोच, छेत्री आणि परदेशी पासपोर्ट यावरच बोलतोय. मला दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायचंय.

याच वर्षी ५ जुलैला आपल्या मुलींनी चिआंग माईत थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवलं. दोन्ही संघांचे नऊ-नऊ गुण, दोघांचाही गोलफरक बावीस. सरळ हिशेब, जिंकेल तो जाईल. २९ व्या मिनिटाला संगीता बासफोरचा गोल, मध्यंतरानंतर लगेच थायलंडची बरोबरी, आणि ७४ व्या मिनिटाला पुन्हा संगीताच. थायलंड २०१५ आणि २०१९ चे वर्ल्ड कप खेळलेला संघ. क्रमवारीत ते ४६ वे, आपण ७० वे. पात्रता फेरी खेळून महिला आशिया कप गाठण्याची ही आपली पहिलीच वेळ. मग ऑगस्टमध्ये यांगूनला म्यानमारला १-० हरवून वीस वर्षांखालच्या मुली पात्र ठरल्या, ऑक्टोबरात बिश्केकला उझबेकिस्तानला २-१ हरवून सतरा वर्षांखालच्या. एका वर्षात तिन्ही संघ!

मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात महिला आशिया कपला बारा संघ खेळतील, त्यातले आठ उपांत्यपूर्व फेरीत जातील. उपांत्य फेरीतले चौघे थेट २०२७ च्या ब्राझील वर्ल्ड कपला. हरलेल्या चौघांचे प्लेऑफ, त्यातले दोघे थेट, राहिलेल्या दोघांना आंतरखंडीय प्लेऑफ. म्हणजे गटातून पुढे सरकलं की वर्ल्ड कपचा रस्ता उघडा. पुरुष संघ इतक्या जवळ कधी गेलाय, सांगा.

२ नोव्हेंबरच्या रात्री हरमनप्रीतच्या संघाने क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा मी मुलीला घेऊन डी. वाय. पाटील स्टेडियमच्या बाहेर उभा होतो. घरापासून चालत पंधरा मिनिटं. अनोळखी बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या. मुलगी म्हणाली, "बाबा, फुटबॉलवाल्या पण इथेच खेळल्या होत्या ना?" हो. २० जानेवारी २०२२, इराणविरुद्ध ०-०. तीनच दिवसांनी चायनीज तैपेईविरुद्ध संघात कोरोना इतका पसरला की खेळायला पुरेशा मुलीच उरल्या नाहीत, आणि यजमान असूनही आपण स्पर्धेतून बाद. तिला हे सांगताना माझा आवाज नीट निघेना.

मुलगी तेरा वर्षांची आहे, चार वर्षं खेळतेय. तासावर भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर, पाच-पाच जणींत. घरी आली की मोज्यांतून काळे रबराचे दाणे सांडतात. ऑगस्टमध्ये तिची पहिली अकरा जणींची मॅच झाली, मोठ्या मैदानावर. चेंडू बाहेर गेला, तिने उचलला आणि माझ्याकडे बघायला लागली. टर्फला चारी बाजूंनी जाळी असते, चेंडू बाहेर जातच नाही. चार वर्षांत तिला थ्रो-इन कधी करावाच लागला नव्हता. एक पाय उचलून फेकला, रेफरीने फाउल दिला. मग कॉर्नर आला, तिचा फटका पेनल्टी बॉक्सपर्यंत पोचलाच नाही.

माझं म्हणणं एवढंच: पुढची चार वर्षं शिबिरं, परदेशातले सराव सामने, कोच, मैदानं, सगळ्यात आधी हक्क मुलींचा. जो संघ खेळून पात्र ठरलाय, त्याच्यावर आधी खर्च करा. बोला.

---

ठाणे_लेफ्टबॅक | २३ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

काका, मुलीचं मनापासून कौतुक. पण तुमच्या मुद्द्याशी पूर्ण असहमत.

मुलींच्या लीगचे विजेते बघा. गोकुलम तीनदा, मग ओडिशा, यंदा ईस्ट बंगाल. सगळे पुरुषांचे संघ असलेले क्लब. मुलींचा खर्चही त्याच मालकाच्या खिशातून निघतो. आणि पुरुषांचा हंगाम आज कुठे आहे? नोव्हेंबर संपत आला, आयएसएल, म्हणजे पुरुषांची मुख्य लीग, सुरू नाही. व्यावसायिक हक्कांचा करार ८ डिसेंबरला संपतोय आणि नव्या निविदेला एकही बोली आली नाही. मोठा भाऊ बेकार झाला की धाकटीच्या फीवर आधी गदा येते, हे आपल्या घराघरात बघितलंय. आधी लीग उभी करा, मग वाटणीचं बोला.

दुसरं. पात्र ठरलो नाही त्याला तुम्ही सवय म्हणाल, मला ती जखम वाटते. ११ जून २०२४, दोहा. छांगटेच्या गोलने आपण कतारविरुद्ध १-० पुढे. ७३ व्या मिनिटाला चेंडू गोलच्या बाजूला रेषेपार गेला, आपला गोलकीपर गुरप्रीत थांबला, त्यांनी तो आत ओढून गोल केला आणि रेफरीने दिला. हरलो २-१. ती मॅच जिंकलो असतो तर गटात दुसरे, थेट २०२७ च्या आशिया कपला. ही सिंगापूर-हाँगकाँगची फेरी खेळायचीच वेळ आली नसती. वर्तकनगरमध्ये आम्ही आठजण ती मॅच बघत होतो, नंतर जेवलो नाही कोणी. असा संघ तुम्ही चार वर्षं बाजूला ठेवा म्हणता?

आणि पासपोर्टचं बोलायलाच हवं. फातोर्ड्याला सिंगापूरचे दोन्ही गोल सोंग उई-योंगचे, जन्माने कोरियन. हाँगकाँगला इंज्युरी टाइममध्ये पेनल्टी मारली स्टेफान परेराने, जन्माने ब्राझीलचा. ढाक्यात गोलच्या तोंडातून चेंडू काढला हमझा चौधरीने, इंग्लंडमध्ये वाढलेला. तिन्ही पराभवांत बाहेर घडलेला माणूस आहे. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून आपण हात बांधून खेळतो. रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला तेव्हा कुठे भारताचा मिळाला. त्याची आई मुंबईत जन्मलेली. अशी मुलं जगभर आहेत.

---

नेरूळकर_बाबा | २३ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

दोह्याची जखम माझीही आहे. पण ढाक्यातला गोल मोर्सालिनचा, तो बांगलादेशातच वाढलेला मुलगा. हमझा आला म्हणून त्यांचं मैदान भरलं, मान्य. गोल मात्र घरच्याने केला. रायनला मी उद्या डोक्यावर घेईन, पण वाशी-नेरूळच्या मुलाला रायन आला म्हणून थ्रो-इन येणार नाही.

---

खारघर_आकडे | २३ नोव्हेंबर, दुपारी १:३०

दोघांनाही थोडं थंड पाणी प्या असं सांगतो.

बाबा, मुलींच्या यशाने तुम्ही भारावलात, त्यात गैर नाही. पण दक्षिण आशियात काय चाललंय तेही बघा. सॅफ महिला स्पर्धा आपल्या हातातली मानली जायची. २०२२ आणि २०२४, दोन्ही वेळा बांगलादेश जिंकलं आणि आपण अंतिम सामन्यातही नव्हतो. तोच बांगलादेशचा महिला संघ यंदा म्यानमारमध्ये जाऊन आशिया कपला पात्रही ठरला. बावीसच्या त्या गोलफरकातले तेरा गोल एकट्या मंगोलियाविरुद्धचे आहेत. आता गटात जपान आहे, व्हिएतनाम आहे, चायनीज तैपेई आहे. रस्ता उघडा आहे म्हणता, त्यावर कोण उभं आहे तेही पोरीला सांगून ठेवा.

लेफ्टबॅक, तुझा हिशेबही अर्धाच. १९६४ च्या आशिया कपला चार संघांत आपण उपविजेते. १९८४ ला खेळलो आणि नंतर थेट २०११. २०१९ ला थायलंडला ४-१ हरवून सुरुवात केली, पण बहारीनविरुद्ध एक ड्रॉ पुरला असता तिथे ९१ व्या मिनिटाला पेनल्टी दिली. २०२४ च्या जानेवारीत कतारला गेलो, तीन सामने हरलो, एकही गोल नाही. म्हणजे पात्र ठरलो तेव्हाही खाली काही उगवलं नाही. २०१९ नंतर ठाण्यात मुलांची एखादी लीग नव्याने सुरू झालेली तुला माहीत आहे का? मला नाही.

---

कळव्याची_कोचताई | २३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

मी अकरा वर्षं मुलींना शिकवतेय. बाबा, तुमची बाजू घ्यायला आनंदच आहे, पण मुलगे विरुद्ध मुली असं मांडू नका. मैदान दोघांनाही नाही.

आमच्या मैदानावर रविवारी सकाळी एकाच वेळी सात-आठ क्रिकेट मॅचेस चालतात. एकाचा मिडविकेट दुसऱ्याचा कव्हर. आम्ही कोपऱ्यात कोन लावतो, तर टेनिस बॉल मुलींच्या पाठीत बसतो. नवरात्र झालं की मांडवाच्या खांबांचे खड्डे तसेच. यंदा एकीचा घोटा त्यातच मुरगळला. दसऱ्यानंतर मी आणि दोन पालकांनी घमेली घेऊन माती टाकली. एकोणीस खड्डे होते, मोजलेत.

आणि गळती. बारा वर्षांच्या बावीस मुली येतात. पंधराव्या वर्षी सहा उरतात. एक कारण दहावी. दुसरं, मैदानाजवळ बाथरूम नाही. पाळीच्या दिवसांत मुलगी घरीच थांबते, मग दोन आठवडे, मग कायमची. आई फोनवर "अभ्यास आहे" म्हणते, मला कळतं. खारघरच्या दादांनी बांगलादेशचं सांगितलं ते बरोबर आहे. तिथे मुली लहानपणापासून एकत्र खेळत वर आल्या. आमच्या सहाजणींत मी कुठला संघ बांधू?

लेफ्टबॅक, धाकटीच्या फीचं तुझं उदाहरण मला टोचलं. फी आधी तिचीच का थांबते, हाच तर बाबांचा प्रश्न आहे.

---

ठाणे_लेफ्टबॅक | २३ नोव्हेंबर, रात्री ११:०५

ताई, टोचलं ते योग्यच. उदाहरण मी सहज दिलं, ते तसं घडावं असं मला वाटत नाही. माझ्या बहिणीने नववीत खेळणं सोडलं, कारण मी कधी विचारलं नाही.

तरी मुद्दा सोडत नाही. पैसा कुठून येणार? प्रायोजक टीव्हीवर दिसणाऱ्या लीगला येतो. लीग बुडाली तर तुमच्या खड्ड्यांत माती टाकायलाही कोणी येणार नाही.

---

कळव्याची_कोचताई | २३ नोव्हेंबर, रात्री ११:१८

लीग जोरात होती तेव्हाही माती आम्हीच टाकली, बाळा.

---

सीवूड्स_स्टॉपर | १ डिसेंबर, सकाळी ७:५०

धागा वर आणतोय, कारण काल अहमदाबादला जे झालं ते इथे यायलाच हवं. सतरा वर्षांखालच्या मुलांनी इराणला २-१ हरवलं! आधी इराणचा गोल, मध्यंतराच्या तोंडावर पेनल्टीवर बरोबरी, दुसऱ्या हाफात दुसरा गोल, आणि मग शेवटपर्यंत अंग टाकून बचाव. सतरा खालच्या आशिया कपला पात्र. इराण, लक्षात घ्या, मंगोलिया नाही.

बाबा, चार वर्षं मुलांना मागच्या बाकावर बसवायचं, तर ही पोरं चार वर्षांनी एकवीस वर्षांची असतील. नेमकी हीच वर्षं वाया घालवायची? २०१७ चं आठवा. सतरा खालचा वर्ल्ड कप आपल्याकडे झाला, आपल्या स्टेडियमवरही सामने झाले. ती बॅच आली, टाळ्या घेऊन गेली, पाठोपाठ तशी दुसरी बॅच उभी राहिली का? मी तेव्हा चौदाचा होतो, रोज पाच वाजता उठायचो. मग जिथे खेळायचो तिथे पार्किंग झालं.

---

नेरूळकर_बाबा | १ डिसेंबर, रात्री ९:३०

काल मुलीबरोबर बसूनच बघितली. शेवटची दहा मिनिटं ती उभी होती.

तुझं म्हणणं पटतं, त्यामुळे एक दुरुस्ती करतो. मुलांचं काढून मुलींना द्या असं मला म्हणायचं नाही आणि तसं वाटलं असेल तर चूक माझ्या मांडणीची. राष्ट्रीय पातळीवर मात्र मी मागे हटणार नाही. वरिष्ठ पुरुष संघाचा पुढचा आशिया कप आता २०२७ नंतरचा. मुलींचा तीन महिन्यांवर आहे. ४ मार्चला पर्थला व्हिएतनाम, ७ ला जपान, १० ला सिडनीत चायनीज तैपेई. आत्ता, या तीन महिन्यांत तगड्या संघांविरुद्ध सराव सामने कोणाला जास्त हवेत, ते कोणीही सांगावं.

आणि कोचताई, तुमच्या सहाजणींत सातवी चालेल का? नेरूळहून ट्रान्स-हार्बरने ठाणे, तिथून कळवा. मी घेऊन येईन.

---

कळव्याची_कोचताई | १ डिसेंबर, रात्री १०:०५

चालेल काय, पाठवाच. रविवारी पावणेसातला, क्रिकेटवाले आठला येतात त्याच्या आधी. टर्फचे बूट नकोत, स्टड्स लागतील, माती आहे. दोन्ही पाय जमिनीवर, चेंडू डोक्याच्या मागून, दोन्ही हातांनी. पहिला अर्धा तास थ्रो-इनच करू.

---

ठाणे_लेफ्टबॅक | १ डिसेंबर, रात्री १०:४०

ताई, लेफ्टबॅक आहे, आयुष्यभर थ्रो-इनच केलेत. मत तेच आहे माझं, पण रविवारी येतो. घमेलं आणू का?

---

कळव्याची_कोचताई | १ डिसेंबर, रात्री १०:४४

आण. अजून चार खड्डे राहिलेत, पलीकडच्या गोलपोस्टजवळ.