मोजमापाच्या अ‍ॅपवर कितपत विसंबावे? मदत हवी आहे

नमस्कार. घरातील एका खोलीला रंग देऊन तिच्या भिंतीवर पुस्तकांसाठी फळ्या बसवण्याचे काम मी स्वतःच हाती घेतले असून, त्यासाठी लागणारी मापे मोबाइलने घेता येतील का, याविषयी अनुभवी सदस्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

कॅमेऱ्याने अंतर मोजणाऱ्या अ‍ॅपने एकच भिंत तीनदा मोजली, तेव्हा ३१२, ३१५ आणि ३०९ सेंटिमीटर अशी तीन निराळी उत्तरे मिळाली. भिंत पांढरी व कोरी असल्यामुळे कॅमेऱ्याला पकडण्याजोग्या खुणा सापडत नसाव्यात, असा माझा अंदाज आहे. रंग किती लागेल हे ठरवायला एवढा फरक चालून जाईल. पण दोन भिंतींच्या मध्ये नेमकी बसणारी फळी कापायची म्हटल्यावर तीन सेंटिमीटर म्हणजे फळी वायाच. आयफोन १२ प्रोसारख्या लायडार सेन्सर (लेझर प्रकाशाने अंतर मोजणारा सेन्सर) असलेल्या फोनमध्ये ही चूक प्रत्यक्षात किती कमी होते, की शेवटी टेपच हाती घ्यावी लागते?

दुसरी शंका लेव्हलची, म्हणजे फळी आडवी सरळ आहे का हे दाखवणाऱ्या फोनमधील अ‍ॅपची. बुडबुड्याची लेव्हल जिथे सपाट दाखवते, तिथे माझा फोन, कव्हर काढल्यावरही, अर्ध्या अंशाचा उतार दाखवतो, आणि एक मीटरच्या फळीवर तो सुमारे ९ मिलिमीटर भरतो. हे कॅलिब्रेशनने (म्हणजे अ‍ॅपचे शून्य नव्याने ठरवून) सुधारते का?

भिंतीतील वायर शोधणाऱ्या अ‍ॅपबद्दल मात्र विचारत नाही. फोनमधील चुंबकीय सेन्सरला लोखंड कळते, वायर ज्यातून नेलेली असते तो प्लॅस्टिकचा पाइप नव्हे. त्यामुळे ड्रिल चालवताना त्याच्या भरवशावर राहण्याचे धाडस मी करणार नाही.