मॉरिसच्या आवडत्या सिनेमांत 'डीटूर' का नको?

फ्रेम२४: काल इथे 'सरळरेष' यांनी लिहिलं, "माहितीपटवाल्याने प्रभाव म्हणून कथापटांची नावं घेऊ नयेत. एरॉल मॉरिसला 'डीटूर' आवडतो, तिथूनच त्याच्या कामाला कीड लागली." हे वाचून गप्प बसवत नाही. 'डीटूर'मध्ये (१९४५) लिफ्ट मागणारा माणूस परक्या गाडीत बसतो आणि एका मृत्यूत अडकतो. १९७६ मध्ये डॅलसला रँडल अ‍ॅडम्सच्या गाडीतलं पेट्रोल संपलं, सोळा वर्षांच्या डेव्हिड हॅरिसने त्याला चोरीच्या गाडीत घेतलं, आणि पोलिसाच्या खुनात देहदंड सुनावला गेला अ‍ॅडम्सला. न्वारपटांत, म्हणजे 'डीटूर'सारख्या काळोख्या गुन्हेपटांत, मुरलेल्या माणसालाच हे दिसतं. याच खटल्यावरचा मॉरिसचा माहितीपट 'द थिन ब्लू लाइन' १९८८चा. १९८९ला अ‍ॅडम्स सुटला.

सरळरेष: सुटला तो साक्षी फिरल्या म्हणून. खुनाचा प्रसंग पुन्हा घडवून दाखवताना हवेत उडणारा मिल्कशेक आणि फिलिप ग्लासचं संगीत कशाला हवं होतं? प्रसंग घडवून दाखवला की लोक तो खराच धरतात. आजच्या गुन्हेमालिका तेच करतात: आवाजावर धूसर सावली चढवायची, झाला पुरावा!

रीळ: मालिकांचा राग मॉरिसवर काढू नका. त्याचा प्रत्येक प्रसंग कुणाच्या तरी जबानीचा आहे, म्हणून तर ते एकमेकांशी जुळत नाहीत. गाडी वेगा सांगितली गेली, निघाली कॉमेट. सोबतची पोलीस बाहेर उभी होती की गाडीतच, हेही दोन्ही प्रकारे दिसतं. तुम्ही सिनेमा नीट पाहिलेला नाही.

सरळरेष: पाहिलाय, शिकवू नका. इंटरोट्रॉन या मुलाखतीच्या यंत्राने माणसाला थेट लेन्समध्ये बघायला लावणं हीसुद्धा नाटकबाजीच.

फ्रेम२४: त्यात इंटरोट्रॉन नाहीच! तिथे मॉरिस लेन्सला डोकं भिडवून बसायचा. यंत्र नंतरचं.

काचवाला: आणि त्यात जादू काही नाही. दोन टेलिप्रॉम्प्टर, दोन कॅमेरे. दोघांना एकमेकांचा चेहरा लेन्ससमोरच्या काचेत दिसतो. काच ४५ अंशांत, खाली मॉनिटर, प्रतिमा आडवी उलटवलेली, काचेमागे काळं कापड. कापड सैल राहिलं की मागचा उजेड काचेत शिरतो.

रीळ: खिडकीची साधी काच चालते की.

काचवाला: नाही चालत. दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तन होतं, डोळ्यांच्या दोन जोड्या दिसतात. ७०/३० बीमस्प्लिटर घ्या, म्हणजे ७० टक्के उजेड आरपार सोडणारी आणि ३० टक्के परावर्तित करणारी काच. कॅमेऱ्याचा जेमतेम अर्धा स्टॉप जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). ५०/५० मध्ये पूर्ण स्टॉप. चित्र केबलनेच न्या. वायफायने ओठ मागे पडतात आणि बोलणारा अडखळतो. विचारणाऱ्याचे डोळे लेन्सच्या मध्यावर आणा, नाहीतर समोरच्याची नजर हनुवटीवर उतरते.

सरळरेष: यंत्राचं मान्य, माझी गल्लत झाली. प्रसंगांचं नाही. शेवटी हॅरिस बोलतो तेव्हा पडद्यावर फक्त टेपरेकॉर्डर आहे. सबंध सिनेमात तेवढंच मला प्रामाणिक वाटतं.

फ्रेम२४: तोही कॅमेरा बंद पडला म्हणून! पण टेपरेकॉर्डर इतक्या जवळून, अंधारातून घ्यायचा हे 'डीटूर'सारखे सिनेमे पाहणाऱ्यालाच सुचतं.